न पेरल्याचे

काउंटरच्या अलीकडे मी बावीस वर्षं बसले आहे.
पलीकडे लोक उभे राहतात टोपी हातात घेऊन,
जणू आत कुणाला तरी निजवून ठेवलंय.
आत फक्त झेरॉक्सचं मशीन
आणि काउंटीतल्या प्रत्येक शेताचा
विमानातून काढलेला फोटो.

धान्याची उंच कोठारं चार, त्यातली दोन बंद.
शाळेची बस एका पोरासाठी अकरा मैल वळसा घालते.
सरकार इथे गव्हाला देतं, मक्याला देतं,
गारांना देतं, भाव पडला की देतं,
आणि नदीकडच्या उतारावर
काहीच पेरलं नाही, तर त्याचेही देतं.
दहा वर्षांचा करार. गवत वाढू द्यायचं. बस.
इतका सोपा फॉर्म दुसरा नाही,
आणि सहीला इतका वेळ लावतात
असाही दुसरा नाही.

वर्षातून एकदा पेपरात यादी येते, कुणाला किती.
त्या दिवशी कॅफेत पेपराची घडी मोडलेली नसते
तरी प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा पाठ.
"श्वाइगर्टला एवढे? ट्रॅक्टरवर चढला कधी तो शेवटचा?"
मदत होते ती शेजाऱ्याला.
आपल्याला मिळतं ते आपलं येणं.
हे व्याकरण मला कुणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून आलं.
यादीत माझ्या भावाचं नाव नववं आहे.
रविवारी त्याच्याकडे जेवताना
आम्ही वाऱ्याबद्दल बोलतो.

मार्चमध्ये ऑर्लिन टीडमन आला, कराराची मुदत वाढवायला.
ब्याऐंशीचा. बुटांना अजून बर्फ.
मी त्याचं शेत पडद्यावर मोठं केलं.
चाळीस एकर गवत,
आणि मधोमध एक गडद ठिपका.
गवत नसेल ते वजा, असा नियम.
माऊसने कडेकडेने रेघ ओढली.
पॉइंट सात एकर.

"लायलॅक आहे ते," तो म्हणाला.
"घर होतं तिथे. घर पाडलं,
व्हेल्माने लावलेली झुडपं ठेवली."

वजा करावं लागेल, मी म्हटलं.

"किती जातील?"

वर्षाला एकोणतीस डॉलर आणि वर काही सेंट.

तो हसला. खालचे दात नवे होते,
हसू आवरून ते आधी सावरावे लागले.
"म्हणजे एकोणचाळीस एकरांत मी हात हलवत नाही,
त्याचे पैसे.
आणि या चतकोर तुकड्याला
उन्हाळाभर बादलीने पाणी घालतो,
त्याचं काही नाही."

मी नियमांचं पुस्तक जवळ ओढलं, उगाच, हाताला काम म्हणून.
त्यात पडीकची व्याख्या आहे, आच्छादनाची आहे,
तणाच्या तर सात जाती आहेत.
पाने उलटत राहिले.

"वजा करा," तो म्हणाला.
"नीट करा हं, रेघ आत घेऊ नका.
एवढं एक कुणाच्याच हिशेबात नको."

मग त्याने सही केली,
पोस्टात पाकीट टाकावं तशी, चटकन.

ऑगस्टमध्ये विमान पुन्हा फिरून गेलं.
नवे फोटो आले, मी एकेक शेत तपासत बसले.
टीडमनच्या गवतात दोन चाकांची फिकट वाट,
वाटेच्या टोकाला ठिपका,
ठिपक्याशी एक पिकअप, दार उघडं.
माणूस दिसत नव्हता. सावलीत असणार.

गाडी म्हणजे गवत नव्हे. तीही वजा व्हायला हवी होती.
मी जुनी रेघ होती तिथेच ठेवली
आणि पुढचं शेत उघडलं.